काबूलचे गाणे : मायदेशी आणि परमुलखी



पठाण म्हटला की आपल्या मालवण-वेंगुर्ल्याकडच्या जुन्या माणसांना गाणे आठवत नाही, व्याज आठवते. मुंबईच्या गिरण्यांत आपल्यापैकी कितीतरी घरांतली माणसे राबली. पगाराच्या दिवशी गिरणीच्या फाटकाशी काठी घेऊन उभा राहणारा पठाण त्यांनी पाहिला होता, आणि त्याच्या तगाद्याच्या गोष्टी रजेवर गावी आल्यावर पडवीत बसून सांगितल्या होत्या. हे पठाण बहुतेक जुन्या सरहद्द प्रांतातले, काही पलीकडच्या अफगाणिस्तानातले. पुढे १९६१ साली ‘काबुलीवाला’ हा हिंदी चित्रपट आला, आणि त्या पठाणालाही घर आहे, मुलगी आहे, गावाची ओढ आहे, हे पुष्कळांच्या ध्यानात आले. परंतु त्याला गाणेही आहे, आणि ते गाणे आपल्या गाण्याचे सख्खे भावंड आहे, ही गोष्ट अजूनही आपल्याकडे फारशी कोणी सांगत नाही. आज मी ती सांगणार आहे.

दूरच्या मुलखातला हा विषय मी मालवणच्या किनाऱ्यावर का मांडतो, असे कोणी विचारील. त्याला दोन कारणे आहेत. पहिले हे की, ज्या देशाने आपल्याला सरोद दिला आणि आपल्याकडून राग-ताल नेले, त्या देशात आज गाणे-बजावणे हा अपराध ठरला आहे. दुसरे कारण आपल्या घरातले आहे. आपण कोकणातली माणसे दोन घरांची. एक घर गावात, एक मुंबईत. माणूस पोटासाठी परगावी जातो तेव्हा त्याच्या बरोबर त्याची कला जाते काय, गेली तर तिथे टिकते काय, आणि मागे गावात तिचे काय होते, हा प्रश्न चाकरमान्याच्या घरात जन्मलेल्याला वेगळा समजावून सांगावा लागत नाही. अफगाणी गवयांच्या कहाणीत हाच प्रश्न फार मोठ्या आणि फार कठोर रूपात उभा आहे.

प्रथम त्या देशाचे गाणे कसे आहे ते पाहू. अफगाणिस्तान हा एका भाषेचा वा एका जातीचा देश नव्हे. पश्तून, ताजिक, हजारा, उझबेक आणि इतर अनेक लोक तिथे राहतात, आणि प्रत्येकाच्या गाण्याचा ढंग निराळा. पश्चिमेला हेरात शहर आहे. तिथले मुख्य वाद्य दुतार. नावाप्रमाणे मुळात त्याला दोनच तारा. विसाव्या शतकाच्या मध्यानंतर तिथल्या वादकांनी तारा वाढवीत त्याला चौदा तारांपर्यंत नेले. उत्तरेकडे दंबुरा वाजतो. त्याला दोन तारा आणि पडदे मुळीच नाहीत. त्याच्या जोडीला जेरबगली नावाचा मातीचा ढोलका. दक्षिणेला आणि पूर्वेला पश्तो गाणी, आणि ढोलाच्या ठेक्यावर गोल फिरत जाणारा अत्तण नाच. बायकांचे वाद्य म्हणजे दायरा, आपल्या डफाच्या जातीचे. लग्नघरात आतल्या बाजूला बायकाच दायरा वाजवून गातात. आपल्याकडे गणपतीत फुगड्यांची गाणी बायकांची बायकांतच चालतात, तसेच हे. पुरुषांच्या मैफलीत ह्या गाण्यांना जागा नव्हती; पण गाण्याची पहिली गोडी मुलाला ह्याच गाण्यांनी लागे.

बाहेर लग्नाच्या वरातीत ढोल आणि सुरना वाजविणारे लोक वंशपरंपरेने तेच काम करीत आणि पुष्कळ ठिकाणी हजामतही तेच करीत. त्यांच्यावाचून लग्न होत नसे. पण त्यांच्या घरी मुलगी द्यायला मात्र कोणी तयार नसे. हे ऐकून आपण अफगाणांना हसू नये. ज्या वाजंत्र्यांवाचून आपल्या देवाची पालखी हलत नसे त्यांना आपण ओसरीवर किती वर्षे बसू दिले नाही, हे आपले आपणच आठवावे.

हे झाले गावचे गाणे. आता शहरातले, म्हणजे काबूलचे. त्याचा इतिहास सुरू होतो तोच मुळी हिंदुस्थानातून. अमीर शेर अली खान १८६३ साली काबूलच्या गादीवर आला. मधली दोन वर्षे सोडली तर १८७९ पर्यंत त्याचे राज्य होते. त्याने हिंदुस्थानातून गवई, तबलजी आणि नर्तकी बोलावून आपल्या दरबारी ठेवल्या. बाला हिस्सार ह्या किल्ल्याजवळच्या एका वस्तीत त्यांना घरे मिळाली. त्या गल्लीचे नाव खराबात. सूफी कवितेत हा शब्द मद्यशाळेसाठी, जिथे माणूस स्वतःचे ‘मी’पण विसरतो त्या जागेसाठी येतो. पुढे शंभर वर्षे काबूलमध्ये ‘खराबाती’ म्हणजे गवई असे समीकरण झाले.

ह्या गल्लीतल्या दुसऱ्या-तिसऱ्या पिढीने काबूलचे स्वतःचे गाणे घडविले. त्यांत अग्रमान उस्ताद कासिम ह्यांचा. त्यांचे वडील काश्मीरकडचे. कासिम स्वतः काबूलचे. अमीर हबीबुल्ला आणि त्यानंतर अमानुल्ला ह्या दोघांच्या दरबारी ते गायले. हिंदुस्थानी रागदारीत त्यांनी फारसी गझल बसविली. ही काबुली गझल ऐकण्यासारखी असते. गवई एक शेर सावकाश, अर्थ उलगडीत म्हणतो; शेर संपला की रबाब आणि तबला एकदम द्रुत लयीत उसळतात, आणि पुन्हा शांत होऊन पुढच्या शेराला वाट देतात. कवी पुष्कळदा कोण असतो? बेदिल. हा बेदिल १६४२ साली पाटण्याकडे जन्मला आणि १७२० साली दिल्लीत वारला. म्हणजे हिंदुस्थानात राहून फारसीत लिहिणारा कवी, त्याची कविता हिंदुस्थानी रागात, आणि ती तन्मयतेने ऐकणारा काबूलचा श्रोता! दिल्ली त्याला जवळजवळ विसरली. काबूलने त्याला घरचा केला.

काबूलच्या गवयाची परिभाषा ऐकली तर आपल्याला परके वाटणारच नाही. सूर, ताल, राग हे शब्द तेच. भैरवीला ते बैरमी म्हणतात. पिलू आहे, आसा आहे. शिवाय पारी नावाचा त्यांचा स्वतःचा राग आहे, तो पश्तो ढंगाचा. तीनताल आणि दादरा आपलेच. पण सात मात्रांचा मोगुली हा त्यांचा आवडता ठेका. शिष्य उस्तादाकडे जातो तेव्हा त्याच्या मनगटाला दोरा बांधतात आणि गोडधोड वाटतात. आपल्याकडे गंडाबंधन म्हणतात तेच हे. आणि गवयाच्या पुढ्यात काय असते? पेटी! दशावताराच्या रंगमंचावर मृदंग आणि झांज ह्यांच्या जोडीला जी असते, भजनाच्या डबलबारीत जिच्यावर बुवांची बोटे धावतात, तीच ही पेटी. एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला ती युरोपात जन्मली, हिंदुस्थानात येऊन मांडीजवळ बसली, आणि इथून खैबर ओलांडून काबूलला गेली. तिला तिथे अर्मोनिया म्हणतात.

घेतले तेवढे काबूलने दिलेही, आणि ते देणे मोठे आहे. तुतीच्या लाकडाचा एकच ओंडका होडीसारखा कोरून, त्यावर कातडे ताणून केलेले वाद्य म्हणजे रबाब. वाजविण्याच्या मुख्य तारा तीन. त्या पूर्वी आतड्याच्या असत. मानेवर मोजके पडदे. खाली तरफेच्या बारा-पंधरा तारा, ज्या आपणहून गुंजतात. जवा मारून हे वाजवायचे. त्याचा नाद भरदार, पण आखूड. आघात झाला की स्वर लवकर विझतो. पश्तून घोडेस्वार, शिपाई आणि व्यापारी अठराव्या शतकात उत्तर हिंदुस्थानात येऊन स्थायिक झाले तेव्हा हे वाद्य त्यांच्याबरोबर आले. इथे त्याची गाठ पडली आपल्या रागसंगीताशी. आपल्या गाण्याला मींड लागते. एका स्वरावरून दुसऱ्यावर न तुटता घसरत जावे लागते. आतड्याची तार आणि मध्ये पडदा असताना हे साधावे कसे? तेव्हा ह्या घराण्यांतील कलावंतांनी पडदे काढले, मानेवर गुळगुळीत लोखंडी पत्रा बसविला आणि पोलादी तारा चढविल्या. रबाबाचा सरोद झाला तो असा. हे प्रथम कोणी केले ह्याबद्दल ग्वाल्हेरचे गुलाम अली खान बंगश ह्यांचे वंशज आणि लखनौचे नियामतुल्ला खान ह्यांचे वंशज वेगवेगळे सांगतात. त्या वादात आपल्याला पडावयाचे नाही. एक गोष्ट मात्र दोन्ही बाजूंना मान्य आहे, की हाफिज अली खान आणि अमजद अली खान ह्यांच्या हातात जे वाद्य आपण ऐकले, त्याची आजी काबूलची.

म्हणजे पाहा, हिंदुस्थानी गवई काबूलला जाऊन अफगाण झाला, आणि अफगाण रबाबिया हिंदुस्थानात येऊन हिंदुस्थानी झाला. दोघांनाही परदेशाने मारले नाही, वाढविले. का? कारण दोघांनाही तिकडे दोन गोष्टी मिळाल्या : शिकायला शिष्य आणि ऐकायला कान. हे सूत्र आपण हाताशी ठेवू. पुढे ते लागणार आहे.

विसाव्या शतकात राजाश्रयाच्या जागी रेडिओ आला. १९४० नंतर रेडिओ काबूल नियमित सुरू झाला आणि खराबातचे उस्ताद तिथे नोकरीला लागले. रेडिओने पश्तो आणि दरी, गाव आणि शहर, ह्यांचे गाणे एकत्र आणून सबंध देशाला एक सामाईक गाणे दिले. १९५१ साली परवीन ह्या बाईंचा आवाज रेडिओवरून उमटला; सन्मानाने त्यांना मेरमन परवीन म्हणत. कुलीन घरच्या बाईने गावे ह्याचे तिथे केवढे नवल झाले असेल ते आपण ओळखू शकतो. पुढे फरीदा महवश ह्या गायिकेला १९७७ साली ‘उस्ताद’ ही पदवी मिळाली. तोवर ती केवळ पुरुषांची मानली जात होती. ह्याच काळात उस्ताद सराहंग हे खराबातचे सर्वांत मोठे गवई झाले. जन्म १९२४ चा. पतियाळा घराण्याच्या आशिक अली खानांकडे त्यांनी वर्षानुवर्षे हिंदुस्थानात राहून तालीम घेतली, आणि हिंदुस्थानातल्या संगीत परिषदांतही नाव कमावले. आणि तरुणांचा लाडका होता अहमद जाहीर. पंतप्रधानाचा मुलगा, गळ्यात अकॉर्डियन अडकवून गाणारा. १९७९ च्या जून महिन्यात, आपल्या तेहतिसाव्या वाढदिवशी, तो सालंगच्या वाटेवर मरण पावला. त्याच्या ध्वनिफिती पुढे अफगाण माणूस जिथे जिथे गेला तिथे तिथे गेल्या.

ह्या सुखाच्या दिवसांतली एक मैफल मला मुद्दाम सांगावयाची आहे, कारण तिच्यात आपल्या मुंबईचा वाटा आहे. रेडिओ काबूलच्या वाद्यवृंदाचे प्रमुख उस्ताद मोहम्मद उमर हे रबाबाचे श्रेष्ठ वादक. तरफेची एक तार किंचित उंचावर ठेवून, तिच्यावर मधूनमधून आघात करीत ते सुरावटीत ठेक्याची अशी वीण घालीत की एकच माणूस वाजवतो हे खरे वाटू नये. १९७४ साली अमेरिकेतल्या सिअ‍ॅटलच्या विद्यापीठात ते शिकवायला गेले. १८ नोव्हेंबरला तिथे त्यांची मैफल झाली. तबल्याच्या साथीला बसला माहीमला जन्मलेला तेवीस वर्षांचा तरुण, झाकीर हुसेन. एक सत्तरीच्या घरातला काबूलचा, एक तरुण मुंबईचा, गाव तिसराच. पण रागाचे नाव आणि तालाची मात्रा दोघांनाही एकच ठाऊक. त्या मैफलीचे ध्वनिमुद्रण २००२ साली प्रसिद्ध झाले. ते आजही ऐकावयास मिळते, आणि जिज्ञासूंनी ते अवश्य ऐकावे.

त्यानंतर मात्र दिवस फिरले. १९७८ चे बंड, १९७९ ची रशियन फौज, लाखो लोकांचे निर्वासन. गवई पेशावरला गेले. तिथल्या डबगरी बाजारात त्यांनी खोल्या घेतल्या, दारावर नावाच्या पाट्या लावल्या, आणि निर्वासितांच्या लग्नांत गाऊन पोट भरले. १९९२ नंतरच्या आपापसांतल्या लढाईत काबूलवर तोफगोळे पडले आणि खराबात गल्ली ढिगाऱ्यात गेली. १९९६ साली तालिबान आले. त्यांनी वाद्ये बंद केली, ध्वनिफिती जप्त करून त्यांच्या फिती खांबांवर लटकावल्या. केवळ वाद्यावाचूनचे धार्मिक गायन तेवढे चालू दिले.

इथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. हे सारे इस्लामने केले असे कोणी म्हणेल तर ते खरे नव्हे. संगीत शास्त्रसंमत आहे की नाही ह्यावर मुसलमान पंडितांत जुना वाद आहे, हे खरे. पण ज्या चिश्ती परंपरेने गाण्याला ईश्वराकडे जाण्याची वाट मानले, तिचे मूळ गाव चिश्त हे अफगाणिस्तानातच, हेरातच्या पूर्वेला आहे. अजमेरचे ख्वाजा त्याच परंपरेतले. काबूलच्या चिश्ती खानकाहात गुरुवारच्या रात्री खराबातचे गवई सेवा म्हणून गात आले. आणि आपल्या मिरजेच्या दर्ग्यात अब्दुल करीम खानांच्या स्मृतीसाठी दर वर्षी गाणे होतेच की!

२००१ नंतर वीस वर्षे पुन्हा गाणे उमलले. २०१० साली डॉ. अहमद सरमस्त ह्यांनी काबूलमध्ये राष्ट्रीय संगीत संस्था उभारली. मुलगे आणि मुली तिथे एकत्र शिकत. एका वर्गात व्हायोलिन, शेजारच्या वर्गात सतार, सरोद, तबला आणि रबाब. २०१४ च्या डिसेंबरमध्ये एका कार्यक्रमात आत्मघातकी स्फोट झाला आणि सरमस्त जबर जखमी झाले. बरे होऊन ते परत कामाला आले. ‘जोहरा’ हा मुलींचा वाद्यवृंद २०१७ साली युरोपात वाजवून आला. आणि मग १५ ऑगस्ट २०२१. तालिबान पुन्हा काबूलमध्ये शिरले. त्याच महिन्याच्या अखेरीस अंदराब खोऱ्यातले लोकगायक फवाद अंदराबी ह्यांना घरातून बाहेर काढून ठार मारण्यात आले. २०२३ च्या जुलैमध्ये हेरातला वाद्यांची होळी झाली. २०२४ च्या ऑगस्टमध्ये आलेल्या कायद्याने बाईचा आवाजच झाकून ठेवण्याची वस्तू ठरविला.

संगीत संस्थेतली मुले, शिक्षक आणि त्यांचे कुटुंबीय मिळून २७३ माणसे देशाबाहेर निघाली. आधी दोहा, नंतर पोर्तुगाल. गोव्याशी ज्या देशाचा साडेचारशे वर्षे संबंध होता, तोच हा पोर्तुगाल. तिथे ही मुले आज रबाब आणि तबला शिकतात. इकडे कॅलिफोर्नियातल्या फ्रीमाँट गावात अफगाणांची मोठी वस्ती आहे. महवश तिथे गेल्या. काबूलला जन्मलेले आणि पेशावरला दिवस काढलेले रबाबिये हुमायून सखी तिथेच जाऊन राहिले. त्यांच्या साथीला पुष्कळदा असतो सलार नादेर, जर्मनीत अफगाण आईबापांच्या पोटी जन्मलेला तबलजी. त्याचा गुरू कोण? झाकीर हुसेन. १९७४ साली माहीमच्या मुलाने काबूलच्या म्हाताऱ्याला साथ केली. त्या मुलाने पुढे काबूलच्या नातवाला तबला दिला. झाकीर हुसेन २०२४ च्या डिसेंबरात गेले, पण हा फेरा पुरा करून गेले. त्याच महिन्यात रबाब घडविण्याच्या आणि वाजविण्याच्या कलेला ‘युनेस्को’ने मानवजातीच्या वारशात स्थान दिले. आपल्याच घरी जे निषिद्ध, ते जगाच्या घरी वंद्य ठरले!

मग काय, अफगाणी संगीत वाचले म्हणावयाचे? मघाचे सूत्र आता लावून पाहू. परदेशात शिष्य मिळतात, मिळाले आहेत. ऐकणारे कानही मिळतात. पण काबुली गझलेत बेदिलचा शेर संपताक्षणी ज्याच्या तोंडून आपोआप ‘वाह’ निघते, तो श्रोता पोर्तुगालमध्ये किंवा अमेरिकेत किती पिढ्या राहील? तिथे जन्मलेल्या मुलाला दरी बोलता येईल, कविता कळेलच असे नाही. आणि बायकांच्या दायऱ्याचे काय? ती गाणी कोणी उस्तादाने शिकविलेली नव्हती; ती लग्नघरात आपोआप कानावर पडत. उस्ताद विमानाने जाऊ शकतो. लग्नघर विमानात बसत नाही. दरबारी कला परक्या मुलखात रुजते. अंगणातली कला अंगणाबरोबरच राहते किंवा अंगणाबरोबरच जाते.

हे बोलताना मला आपलेच घर आठवते. सीमेपलीकडच्या गोव्यात केरी हे गाव केसरबाईंचे, कुर्डी हे मोगूबाईंचे. दोघी अशा समाजातल्या, की ज्यांचे गाणे गावाला हवे, पण ज्यांना मान नको. दोघींनी गाव सोडले, अल्लादिया खानांची विद्या घेतली, आणि त्यांना उच्चासन मिळाले ते मुंबईत. केसरबाईंची भैरवी तर १९७७ साली व्हॉयेजर यानातून ताऱ्यांकडे रवाना झाली. कुर्डी पुढे साळावली धरणात बुडाली. उन्हाळ्यात पाणी ओसरले की थोडे दिवस घरांची जोती दिसतात. ह्या बायांचे गाणे मात्र बुडाले नाही, कारण ते शिष्यांच्या गळ्यात उतरले होते.

परंतु दशावताराचे तसे नाही. तो जत्रेतला. दिवसभर शेतात राबलेला माणूस रात्री इंद्र होतो. म्हणून तर आपण म्हणतो, ‘रात्री राजा आणि सकाळी डोक्यावर बोजा’. मुंबईत चाकरमान्यांनी त्याचे प्रयोग लावले, नाट्यगृहे भरविली, ही अभिमानाची गोष्ट आहे. पण तिथे तो तीन तासांत संपवावा लागतो. देवळासमोर, थंडीत कांबळे पांघरून, पहाटेपर्यंत जागून, संवाद कुठे रंगणार हे आधीच ओळखणारा प्रेक्षक नसेल, तर नटाला पदरचे संवाद सुचणार नाहीत आणि पेटीवाल्याला जागा सापडणार नाही. काबूलमध्ये गाणे बंदुकीने बंद पाडले. आपल्याकडे कोणी बंदूक घेऊन आलेले नाही. आपल्याकडे ते बंद पडलेच, तर केवळ आपण लवकर उठून घरी गेल्यामुळे पडेल.

म्हणून मला एवढेच मागावयाचे आहे. कुठे अफगाण रबाबिया गाठ पडला, तर त्याला परका समजू नका. त्याच्या हातात आपल्या सरोदाची आजी आहे. त्याचे गाणे अर्थ कळेपर्यंत बसून ऐका, कारण त्याच्या घरी आज ते ऐकणारा कोणी उघडपणे बसू शकत नाही. आणि येत्या जत्रेला मुलांना घेऊन या, आणि त्यांना पहाटेपर्यंत बसू द्या. झोप आली तर तिथेच मांडीवर झोपू द्या. झोपेत का होईना, पेटी त्यांच्या कानावर पडेल.